फेकून दिलेली ट्यूब

शनिवार, ८ फेब्रुवारी

ठकू,

वर 'अनेक आशीर्वाद' असं लिहिलं होतं. मग वाटलं, तू म्हणशील, आली मोठी आशीर्वाद देणारी. म्हणून तो कागद बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला.

फोन तू उचलत नाहीस. नको उचलूस. पत्राचं एक बरं असतं, फाडायचं म्हटलं तरी ते हातात घ्यावं लागतं आणि तेवढ्यात दोन ओळी वाचून होतात. मला दोनच ओळी पुरतात. ती पिवळ्या औषधाची बाटली वापरणं बंद कर, आणि डॉक्टरांना खरं सांग.

मला कसं कळलं, तर तुझ्या घड्याळजीचं पत्र आलं. त्याच्यावर चिडू नकोस. मोजून आठ ओळी आहेत, मुंगीच्या पायांएवढं अक्षर. 'तिला सातवा महिना लागला आहे. खाली खाज आणि आग फार आहे, झोप लागत नाही. डॉक्टर विचारतात तेव्हा काही त्रास नाही म्हणते आणि घरी येऊन त्या पिवळ्या औषधाच्या पाण्यात बसते. मी अडवलं तर म्हणते, आईनं शिकवलंय. तुम्ही शिकवलं असेल तर तुम्हीच थांबवा.' खाली सही, आणि सहीच्या खाली 'राग नसावा'. राग त्यानं धरायचा की मी, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही.

मी आजी होणार हे मला अशा आठ ओळींतून कळलं. असो. ज्याचं त्याला मिळतं.

मी शिकवलं ते चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. अठ्ठावीस वर्षं दवाखान्याच्या लाँड्रीत काढली. ऑपरेशनच्या खोलीतल्या चादरी माझ्या हाताखालून जातात. रक्त असो, पू असो, डाग काढून, उकळून, इस्त्री करून परत पाठवते, आणि आजवर एक चादर 'पुन्हा धुवा' म्हणून खाली आलेली नाही. तू बारा वर्षांची झालीस तेव्हा मी तुला लाँड्रीतलं हेच पिवळं जंतुनाशक दिलं. चादरीच्या बादलीला एक टोपण, तुझ्या टबाला दोन. बाई माणसानं स्वच्छ राहावं, यात वाईट काय होतं? फक्त पोटात मूल असताना नको, एवढंच माझं म्हणणं.

त्या दिवसाबद्दल मला लिहायचं नाही. मी बोलले ते तुझ्या भल्यासाठी बोलले. ती ट्यूब मी त्याच दिवशी फेकून दिली आणि माझ्यापुरता तो विषय संपला.

डाव्या कुशीवर झोपत जा.

आई


गुरुवार, १३ फेब्रुवारी

ठकू,

पहिलं पत्र फाडलं असशील तर हे वाच. पहिलं वाचलं असशील तर त्यातला बादलीचा परिच्छेद खोडून टाक.

आमच्याकडे दर महिन्याला एक डॉक्टरीणबाई बायका कर्मचाऱ्यांशी तासभर बोलतात. मी कधी बसत नव्हते. मला कोण काय शिकवणार, हा तोरा. काल बसले. घड्या घालायच्या खोलीत चादरींच्या गठ्ठ्यांवर आम्ही चौदा जणी, आणि मध्ये स्टुलावर त्या. पोरगेलीच आहे, तुझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. तिनं सरळ विचारलं, "खाज, आग, दह्यासारखं पांढरं जाणं, हे कुणाकुणाला झालंय?"

सगळ्या छताकडे बघायला लागल्या. आमची इस्त्रीवाली तुला आठवत असेल, तिची जीभ इस्त्रीपेक्षा तापलेली. ती म्हणाली, "खाज सगळ्यांनाच असते बाई, काहींना नुसती जिभेला असते." आणि माझ्याकडे बघितलं. हशा झाला. मग एक हात वर आला, मग दुसरा. चौदांपैकी नऊ हात वर आले. माझ्या शेजारची शिवणकामवाली, जी तोंडातून शब्द काढत नाही, तिचाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही बुरशी बाहेरून येत नाही, ती थोडीथोडी आपल्या अंगात असतेच. तिला दाबून ठेवणारे चांगले जंतूही तिथेच असतात. ते कमी झाले की ही माजते. दाताला, घशाला अँटिबायोटिक घेतलं की ते मरतात. पोटात मूल असलं की शरीराचा तोल बदलतो, तेव्हा हमखास. साखर वाढली की हिला आयतं खायला मिळतं. काही जणींना पाळणा लांबवायच्या गोळ्यांनी. आणि घट्ट नायलॉनचे कपडे, ओले कपडे तासन्‌तास अंगावर, की हिचं फावलंच.

मी ऐकत होते आणि मनात तुझा तरणतलाव दिसत होता. सकाळी सहा ते बारा तू लहान मुलांना पोहायला शिकवायचीस, आणि दोन वर्गांच्या मधल्या वेळात ओल्या पोशाखातच काठावर बसून राहायचीस. मी लोकांना अभिमानानं सांगायचे, माझी लेक दिवसभर पाण्यात असते, तिच्याइतकं स्वच्छ कोण.

मग इस्त्रीवालीनं विचारलं, "आणि आम्ही औषधाच्या पाण्यानं धुतो, त्याचं काय?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ते तर आधी बंद करा. तुम्ही चांगलेच जंतू धुऊन काढता. बाहेरून साध्या पाण्यानं धुवा, बस. आतला भाग स्वतःला स्वच्छ ठेवतो. त्याला लाँड्री लागत नाही."

चौदा जणींनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे तेरा जणींनी, चौदावी मी.

आणखी एक प्रश्न इस्त्रीवालीनंच विचारला. "हे पुरुषाकडून येतं ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सहसा नाही. लग्न न झालेल्या मुलींना होतं, नवरा नसलेल्या बायकांना होतं. हा घाणेरडेपणाचा आजार नाही आणि वागणुकीचा तर नाहीच. पण प्रत्येक खाज हीच असेल असंही नाही. म्हणून दाखवा, आपल्या मनानं औषध घेऊ नका."

ठकू, त्या दिवसाच्या आधी पंधरा दिवस तुझी अक्कलदाढ काढली होती. आठ दिवस अँटिबायोटिक घेतलंस, मीच घड्याळ बघून देत होते. ओला पोशाख, दाढेचं औषध, आणि वर माझी दोन टोपणं. सगळी कारणं माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर, आणि मी कारण शोधायला गेले घड्याळाच्या दुकानात.

बाटली ओतून दे. पोटात मूल आहे म्हणून नव्हे. मी चुकीचं शिकवलं म्हणून.

आई


बुधवार, १९ फेब्रुवारी

ठकू,

घड्याळजीचं दुसरं पत्र आलं, या वेळी चारच ओळी. तू दोन्ही पत्रं वाचलीस. 'आईला आता कळलं होय,' म्हणालीस आणि ड्रॉवरमध्ये ठेवलीस. बाटली मोरीत आहे तिथेच आहे, आणि डॉक्टरांकडे पुन्हा 'काही त्रास नाही'.

बरोबर आहे तुझं. एकदा डॉक्टरांना खरं सांगितलंस तेव्हा काय मिळालं? घरी येऊन थोबाडीत मिळाली. आता कशाला सांगशील? मी तुला नुसतं औषध चुकीचं शिकवलं नाही, गप्प बसायलाही शिकवलं. ते कुठल्या टोपणानं मोजायचं मला कळत नाही.

त्या दिवसाबद्दल लिहायचं नाही म्हणाले होते. लिहिते. तू तुझ्या परीनं सगळं जाणतेस, पण मी काय केलं हे मी एकदा माझ्या हातानं लिहायला हवं.

तुझी पिशवी मी ओला पोशाख धुवायला म्हणून उघडली. हे खरं आहे, हेरगिरी नव्हती. खाली डॉक्टरांची चिठ्ठी आणि ट्यूब. मी दवाखान्यात काम करते, ट्यूबवरचं वाचता येतं मला. तू न्हाणीघरातून बाहेर आलीस, केस पुसत. मी विचारलं, "हे कुठून आणलंस?" तू अगदी साधेपणानं म्हणालीस, "अगं, डॉक्टरांना दाखवलं. साधा त्रास आहे म्हणाल्या, बरा होतो." तुला वाटलं असणार, आई पुढे विचारेल, फार होतंय का गं. आईनं हात उचलला.

पुढे मी जे शब्द वापरले ते लिहीत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. ट्यूब तुझ्या हातातून ओढून घेतली आणि म्हणाले, असलं माझ्या घरात चालणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्या दुकानात गेले. भिंतीवर तीसेक घड्याळं, एकाची वेळ दुसऱ्याशी जुळत नव्हती. तो डोळ्याला भिंग लावून बसला होता. दुकानात आणखी एक गिऱ्हाईक उभं होतं, हेही सांगते, कारण तुला कदाचित त्यानं ते सांगितलं नसेल. मी त्या माणसासमोर म्हणाले, "माझ्या मुलीला रोग लागलाय. तू दिलास की तुझ्या आधी आणखी कुणी?"

तुझ्या घड्याळजीनं भिंग काढलं, नीट डबीत ठेवलं. मला म्हणाला, "तिला दुखतंय का?"

मी उत्तर दिलं नाही. कारण मला माहीत नव्हतं. मी तुला विचारलंच नव्हतं.

मग तो म्हणाला, "औषध चालू आहे ना?" मी म्हणाले, फेकून दिलं. त्यावर तो माझ्याकडे कसा बघत राहिला ते मला अजून दिसतं. तीन आठवड्यांनी तुम्ही दोघं गाव सोडून गेलात. शेजारणीला मी सांगितलं, मुलीला लांब नोकरी लागली.

माझं चुकलं, ठकू. मी तुला मारलं, तुझी बेअब्रू केली, तुझं औषध काढून घेतलं. तिन्हीची माफी मागते. माफ कर असं म्हणत नाही, ते तुझं तू बघ. पण माझ्यावरचा राग डॉक्टरांच्या खोलीत नेऊ नकोस. तिथं खरं सांग.

आई


गुरुवार, २७ फेब्रुवारी

ठकू,

आठ दिवस वाट पाहिली. तुझं नाही, त्याचंही नाही. म्हणजे बाटली अजून मोरीतच असणार.

मागच्या पत्रात मी माफी मागितली आणि मला जरा हलकं वाटलं. हलकं वाटलं तेव्हाच कळलं की काहीतरी लपवलंय. डाग नीट निघाला नसला की चादर ओली असताना स्वच्छ दिसते, वाळल्यावर पिवळं कडं उमटतं. तसं झालं. तर आता उरलेलं लिहिते. हे लिहायला मी तीन कागद फाडले, आणि दोनदा उठून उगीचच भांडी घासली.

डॉक्टरीणबाईंना 'पुरुषाकडून येतं ना' हा प्रश्न इस्त्रीवालीनं विचारला नव्हता. मी विचारला होता. आणि उत्तर मला आधीपासून माहीत होतं.

त्या दिवशी तुझ्या पिशवीत ट्यूब सापडली ना, त्या दिवशी मला तेच होत होतं. दीड वर्ष होत होतं. तुझे बाबा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांत माझ्या अंगाला कुणाचा हात लागलेला नव्हता, आणि तरी मी कामावर उभी असताना मांड्या आवळून उभी राहत होते, घरी येऊन टबात दोन टोपणं, मग तीन, मग चार. कुणाला सांगितलं नाही. स्वतःशी म्हणायचे, लोकांच्या घाणेरड्या चादरी हाताळते ना, त्यातूनच लागलं असेल. लाँड्रीतल्या बाईला असला त्रास आहे हे कळलं तर लोक काय म्हणतील, याच भीतीनं गप्प.

म्हणजे बघ. जगात एकच बाई अशी होती जिला खात्रीनं ठाऊक होतं की हे पुरुषाशिवाय होतं. तीच बाई तुला म्हणाली, कुठे शेण खाऊन आलीस.

का म्हणाले? अडीच वर्षं मी स्वतःला सांगत आले की काळजीपोटी. खोटं आहे. मला राग आला होता. तुला त्रास झाला, तू उठून डॉक्टरकडे गेलीस, सांगितलंस, औषध घेऊन आलीस, आणि केस पुसत 'साधा त्रास आहे' म्हणालीस. इतकं सोपं होतं ते. मी दवाखान्यात राहून दीड वर्ष कुढत होते आणि माझी लेक इतक्या सहज बरी होणार होती. तू निर्लज्ज वाटलीस मला. आता कळतं, तू निर्लज्ज नव्हतीस, मी भित्री होते.

आणि ती ट्यूब.

मी ती फेकली नाही. तुला सांगितलं फेकली, त्याला सांगितलं फेकली, पहिल्या पत्रात तुला पुन्हा तेच लिहिलं. ती मी माझ्या कपाटात, जुन्या रुमालांच्या खाली ठेवली, आणि त्याच दिवशी न्हाणीघराची कडी लावून वापरली. तू पलीकडच्या खोलीत गाल धरून बसली होतीस. भिंतीपलीकडून तुझं रडणं ऐकू येत होतं. मी तुझं औषध लावत होते.

पाच दिवस वापरली. आराम पडला. त्या पाच दिवसांत तू माझ्याशी बोलत नव्हतीस, आणि तू खुर्चीत कशी अवघडून बसायचीस ते मी बघत होते. मला माहीत होतं कसं होत असेल. माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? एकदा ट्यूब हातात घेऊन तुझ्या दारापर्यंत आले होते. दिली असती तर अर्धी संपलेली का, हे सांगावं लागलं असतं. परत फिरले.

खाई त्याला खवखवे म्हणतात. माझी खवखव पाच दिवसांनी परत आली, अजून आहे. अजूनही कुणाला दाखवलेलं नाही. नऊ हात वर आले तेव्हा माझा हात मांडीखाली होता.

आता याहून वाईट माझ्याकडे काही शिल्लक नाही. हे वाचून तुला माझी किळस आली तर येऊ दे. फक्त एक बघ, लाजेनं गप्प बसलेली बाई कशी होते. तुझी आई होते. तू होऊ नकोस.

आई


मंगळवार, ११ मार्च

ठकू,

तुझं कार्ड मिळालं. तुझ्या हातचं अक्षर बघून मी ते आधी उलटंच धरलं. तीन वाक्यं आहेत, शंभरदा वाचली, पाठ झाली. 'बाटली मोरीत ओतली. डॉक्टरांना सगळं सांगितलं, त्यांनी आत ठेवायच्या गोळ्या दिल्यात, बाळाला धोका नाही म्हणाल्या. ट्यूबनं तुला बरं वाटलं होतं का?'

तिसऱ्या वाक्यावर मी किती वेळ बसले ते सांगत नाही. तू रागानं विचारलंयस की कसं, ते अक्षरावरून कळेना. तुझं अक्षर मुळात किरटं. पण हा प्रश्न मी तुला विचारायला हवा होता तेव्हा विचारला नाही, आणि तू मला विचारलास. उत्तर देते. हो, बरं वाटलं होतं. पाच दिवस. तुझ्या वाट्याचे पाच दिवस होते ते.

काल मी गेले. आमच्याच दवाखान्यात, वरच्या मजल्यावर, जिथं मी अठ्ठावीस वर्षं फक्त चादरी पाठवल्या. बाकावर बसले तर परिचारिका म्हणाली, "मावशी, गठ्ठा न्यायला आलात का? आज नाही काही." मी म्हणाले, "नाही, दाखवायला आलेय." तिनं विचारलं, "काय होतंय?" बाकावर सात बायका. शेवटी शिवणकामवाली, तीही तिथंच, बघ. मी म्हणाले, "खाज येते. खाली. चार वर्षं झाली." आवाज जरा मोठाच निघाला. कुणाच्या कपाळावर आठी नाही. शिवणकामवाली सरकली आणि मला भिंतीला टेकायला जागा दिली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. म्हणाल्या, पाळी जाऊन इतकी वर्षं झाली आणि हे पुन्हापुन्हा होतंय, म्हणजे साखर बघू. बघितली. बरीच वाढलेली निघाली. चार वर्षं माझं शरीर ओरडून सांगत होतं आणि मी त्याच्या तोंडावर टोपणं ओतत होते. गोळ्या सुरू केल्यात, चालायला सांगितलंय. तुझीही साखर तपासायला सांगितलीय त्यांनी, आईला आहे आणि आठवा महिना आहे म्हणून. नक्की तपास. हे हुकूम म्हणून लिहीत नाही, पण तपास.

मग त्यांनी विचारलं, "मावशी, तुम्ही इथंच काम करता. चार वर्षं कशी काढलीत? का नाही आलात?"

मी म्हणाले, "याच त्रासासाठी मी माझ्या लेकीला मारलं होतं. मग मी कुठल्या तोंडानं येणार?"

त्यांनी लिहिणं थांबवलं. पाण्याचा पेला पुढे केला.

बाळंतपणाला येऊ का, असं मी विचारणार नाही. बोलवलंस तर रजा शिल्लक आहे. नाही बोलवलंस तरी ती शिल्लकच राहील. जावईबापूंना सांग, त्यांनी दुकानात मला जे विचारलं होतं त्याचं उत्तर मला आता माहीत आहे. दुखत होतं. खूप दुखत होतं, आणि मला ते ठाऊक होतं.

खाली औषधाच्या खिडकीवर मला ट्यूब मिळाली. त्याच कंपनीची, तीच निळी पट्टी. या वेळी चिठ्ठीवर माझं नाव होतं.

आई